हिरड्यांचे मोजमाप आणि दवाखान्याची शिस्त : दंतवैद्यांच्या निरंतर शिक्षणाचे दोन धडे

नवी दिल्ली : वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांमुळे ओळखल्या जाणाऱ्या राजधानीतील बहादूर शाह जफर मार्गावर मौलाना आझाद दंतविज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे. तेथून जवळच, ऐवान-ए-गालिब मार्गावर, भारतीय दंत परिषदेचे कार्यालय आहे. पहिल्या ठिकाणी दंतवैद्य घडतात आणि रुग्णांवर उपचार होतात. दुसऱ्या ठिकाणी देशभरातील दंतवैद्यांनी काय शिकावे आणि कोणत्या नियमांनी वागावे, हे अनेक दशके ठरत आले. या दोन्ही संस्थांपुढे एक प्रश्न सारखाच आहे. महाविद्यालयातून एकदा बाहेर पडलेला दंतवैद्य पुढची तीस-चाळीस वर्षे नव्या ज्ञानाशी कसा जोडलेला राहणार?

हिरड्यांच्या आजाराच्या बाबतीत हा प्रश्न विशेष गंभीर ठरतो. किडलेला दात दुखतो आणि रुग्णाला दवाखान्यात आणतो. हिरड्यांचा आजार बहुधा दुखत नाही. ब्रश करताना थोडे रक्त दिसते, तोंडाला दुर्गंधी येते, दातांमध्ये फट पडल्यासारखी वाटते आणि एके दिवशी दात हलू लागतो. तोवर त्याला धरून ठेवणारे हाड बरेचसे झिजलेले असते आणि ते हाड सहसा पूर्ववत भरून येत नाही. दंतवैद्याने आपण होऊन मोजले, लिहून ठेवले आणि ठरावीक काळाने पुन्हा बोलावले, तरच हा आजार वेळेत सापडतो. यांपैकी मोजणे हा वैद्यकशास्त्राचा भाग आहे, तर लिहून ठेवणे आणि पुन्हा बोलावणे हा दवाखाना चालवण्याचा. त्यामुळे निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांत स्वतंत्र वाटणारे ‘हिरड्यांचे आजार’ आणि ‘दवाखान्याचे व्यवस्थापन’ हे दोन विषय व्यवहारात एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

आजाराची व्याप्ती

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मौखिक आरोग्यविषयक अहवालानुसार जगात हिरड्यांच्या तीव्र आजाराचे रुग्ण १०० कोटींहून अधिक आहेत. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात ३५ ते ४४ या वयोगटातील सुमारे ९० टक्के व्यक्तींमध्ये हिरड्यांचा कोणता ना कोणता विकार आढळला होता. या आकड्यात केवळ रक्त येणे किंवा कीटण साचणे अशा सौम्य अवस्थाही धरलेल्या आहेत. नव्वद टक्के लोकांचे दात पडणार, असा त्याचा अर्थ होत नाही. मात्र ज्या टप्प्यावर आजार सहज आटोक्यात येऊ शकतो, त्या टप्प्यावर देशातील बहुसंख्य प्रौढ उभे आहेत, एवढे त्यातून निश्चित कळते.

या आजाराची सुरुवात कशी होते, हे डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून स्पष्ट झाले. निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांनी दात घासणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्यांना दाह झाला आणि घासणे पुन्हा सुरू करताच हिरड्या पूर्ववत झाल्या. दातांवर साचणारा जिवाणूंचा थर हेच दाहाचे कारण असल्याचे त्यामुळे सिद्ध झाले. हा थर वेळेवर निघाला नाही, तर त्याचे कठीण कीटण बनते. काही व्यक्तींमध्ये दाह हिरडीखाली उतरून हाडापर्यंत पोहोचतो. या पुढच्या अवस्थेला शास्त्रीय भाषेत पेरिओडॉन्टायटिस म्हणतात. आपल्याकडे घरोघरी तो पायोरिया या नावाने परिचित आहे.

आजार सर्वांमध्ये सारख्या वेगाने वाढत नाही, हे मात्र आपल्या शेजारच्या देशात कळले. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवरील ४८० पुरुष कामगारांची पाहणी लोए यांच्या गटाने १९७० पासून पंधरा वर्षे केली. या कामगारांना दंतोपचार मिळत नव्हते आणि ब्रशने दात घासण्याची पद्धतही त्यांच्यात नव्हती. सर्वांच्या दातांवर भरपूर थर असूनही सुमारे ८ टक्के कामगारांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांमध्ये मध्यम गतीने वाढला आणि ११ टक्क्यांमध्ये दाहापलीकडे गेलाच नाही. अस्वच्छता तीच असूनही परिणाम मात्र निरनिराळे झाले. म्हणून समोर बसलेला रुग्ण या तीनपैकी कोणत्या गटातील आहे, हे ओळखणे दंतवैद्याचे कर्तव्य ठरते. केवळ नजरेने पाहून ते ओळखता येत नाही.

पदवीनंतर बदललेले शास्त्र

भारतात दंतशल्यचिकित्सेची पदवी चार वर्षांचे अध्यापन आणि एक वर्षाची आंतरवासिता पूर्ण केल्यावर मिळते. हिरड्यांचे शास्त्र हा अखेरच्या वर्षाचा विषय असतो. त्यातच पुढे शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तीन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. परंतु देशातील अडीच लाखांहून अधिक नोंदणीकृत दंतवैद्यांपैकी बहुतेक जण पदवीनंतर थेट व्यवसायात उतरतात आणि सामान्य रुग्णाची गाठ त्यांच्याशीच पडते.

ज्यांनी २०१८ पूर्वी पदवी घेतली, त्यांनी शिकलेले आजाराचे वर्गीकरण आता वापरातून गेले आहे. १९९९ च्या पद्धतीत पेरिओडॉन्टायटिसचे ‘दीर्घकालीन’ आणि ‘आक्रमक’ असे मुख्य भेद होते. अमेरिकन आणि युरोपीय परिदंत संघटनांनी २०१७ मध्ये शिकागो येथे परिषद घेतली आणि २०१८ मध्ये नवे वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात कर्करोगाच्या निदानाप्रमाणे टप्पा आणि श्रेणी अशी दुहेरी मांडणी आहे. आजाराने आजवर किती नुकसान केले, हे टप्पा सांगतो. पुढे किती वेगाने करील, याचा अंदाज श्रेणी देते.

टप्पे चार आहेत. दाताचा आधार जेथे सर्वाधिक सुटला आहे, तेथे तो १ ते २ मिलिमीटर सुटला असेल तर पहिला टप्पा, ३ ते ४ मिलिमीटर असेल तर दुसरा, ५ किंवा अधिक असेल तर तिसरा अथवा चौथा. या आजारामुळे चारपर्यंत दात गमावले असतील तर तिसरा आणि पाच किंवा अधिक गमावले असतील तर चौथा टप्पा मानला जातो. श्रेणीचा हिशेब कोणालाही समजेल असा आहे. क्ष-किरण चित्रात दाताभोवतीचे हाड किती टक्के झिजले आहे, त्या आकड्याला रुग्णाच्या वयाने भागायचे. उत्तर ०.२५ पेक्षा कमी आले तर अ श्रेणी, ०.२५ ते १ दरम्यान आले तर ब आणि १ पेक्षा जास्त आले तर क. साठ वर्षांच्या गृहस्थाचे ३० टक्के हाड झिजले असेल, तर उत्तर ०.५ येते आणि श्रेणी ब ठरते. पंचवीस वर्षांच्या तरुणाचेही तेवढेच हाड झिजले असेल, तर उत्तर १.२ येते आणि श्रेणी क होते. चित्रात दोघांचे नुकसान सारखेच दिसते. तरुणाच्या बाबतीत मात्र दंतवैद्याने अधिक सावध व्हायला हवे.

दररोज दहा किंवा अधिक सिगारेटी ओढणारा, अथवा एचबीए१सी ७ टक्के वा त्याहून अधिक असलेला मधुमेही रुग्ण या पद्धतीत क श्रेणीत जातो. म्हणजे रुग्ण काय ओढतो आणि त्याची साखर किती आहे, हे प्रश्न आता निदानाचाच भाग झाले आहेत. हे वर्गीकरण एका व्याख्यानात समजावून देता येते. ते रोजच्या वापरात उतरवण्यासाठी मात्र दवाखान्यातील तपासणीचा कागदच बदलावा लागतो.

प्रोब हाती घेण्याची सवय

हिरडी आणि दात यांच्यामधील फटीची खोली मोजण्यासाठी प्रोब नावाची बारीक, खुणा केलेली सळई वापरतात. निरोगी हिरडीत ही खोली तीन मिलिमीटरपर्यंत असते. चार किंवा त्याहून अधिक भरल्यास कप्पा तयार झाल्याचे समजतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कारलेल्या प्रोबच्या टोकाला अर्ध्या मिलिमीटरची गोळी असते आणि ३.५ ते ५.५ मिलिमीटर या अंतरावर काळा पट्टा असतो. तोंडाचे सहा भाग करून प्रत्येक भागातील सर्वांत वाईट नोंद लिहिली, तर प्राथमिक चाळणी काही मिनिटांत होते. काळा पट्टा पूर्ण दिसत राहिला तर चिंतेचे कारण कमी. तो हिरडीखाली जाऊ लागला तर सविस्तर तपासणी आवश्यक.

सविस्तर तपासणीत प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी मोजतात. अक्कलदाढा वगळून २८ दात धरले, तर नोंदी होतात १६८. रक्त किती ठिकाणी आले, हेही त्याच वेळी लिहितात. एकूण जागांपैकी दहा टक्क्यांहून कमी ठिकाणी रक्त आले आणि खोली तीन मिलिमीटरच्या आत राहिली, तर हिरड्या निरोगी समजल्या जातात. १६८ जागांच्या हिशेबात ही मर्यादा १७ हून कमी जागांची होते.

येथेच व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न उभा राहतो. दंतवैद्य एकटाच मोजून, हातमोजे काढून, लिहून, पुन्हा मोजू लागला, तर १६८ नोंदी होणे कठीण. मदतनिसाला आकडे ऐकून तक्ता भरण्याचे शिक्षण दिले, तर तेच काम एका ओघात होते. स्वच्छतेचे काम करणाऱ्या डेंटल हायजिनिस्टसाठी भारतात स्वतंत्र अभ्यासक्रम आहे आणि १९४८ च्या दंतवैद्य कायद्यात त्यांच्या नोंदणीची तरतूदही आहे. परंतु छोट्या दवाखान्यांत त्यांची नेमणूक क्वचितच होते. त्यामुळे दातांची सफाई, सल्ला, नोंद आणि हिशेब ही सारी कामे एका दंतवैद्यावर येतात. निरंतर शिक्षणाच्या वर्गात केवळ दंतवैद्याने बसून भागत नाही, मदतनिसालाही शिकवावे लागते, ही जाणीव अजून सर्वदूर पोहोचायची आहे.

साखर, तंबाखू आणि मिश्री

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार परस्परांना बळ देतात. साखर अनियंत्रित असेल तर हाड अधिक वेगाने झिजते. हिरड्यांत सतत दाह असेल तर साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार हिरड्यांच्या उपचारानंतर तीन ते चार महिन्यांनी मधुमेहींची एचबीए१सी पातळी सरासरी ०.४३ टक्के गुणांनी आणि सहा महिन्यांनी ०.३० टक्के गुणांनी कमी झालेली आढळली. ही घट मधुमेहाच्या औषधाची जागा घेत नाही. परंतु त्या औषधाला साथ देणारी निश्चित आहे. फिजिशियन आणि दंतवैद्य यांच्यामध्ये साध्या चिठ्ठीचीही देवाणघेवाण नसेल, तर हा लाभ रुग्णापर्यंत पोहोचत नाही. त्यामुळे मधुमेही रुग्णासाठी द्यावयाच्या पत्राचा तयार मसुदा दवाखान्यात असणे, हा व्यवस्थापनाचा धडा थेट आरोग्याचा धडा ठरतो.

तंबाखूचा प्रश्न महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात आणि २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात, असे आढळले. भाजून दळलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांमध्ये आहे आणि त्यांतील कित्येकींना ते व्यसन न वाटता दात स्वच्छ ठेवण्याचे साधन वाटते. अशा स्त्रीला केवळ तंबाखू खाता का, असे विचारले तर उत्तर नकारार्थी येईल. दात कशाने घासता, असे विचारावे लागते. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत होते. धूम्रपानामुळे हिरड्यांतील रक्तस्राव दबतो, त्यामुळे आत कप्पे खोल झाले तरी वरून हिरड्या शांत दिसतात. रक्त येत नाही, म्हणून आजार नाही, असा निष्कर्ष येथे चुकीचा ठरतो.

उपचाराच्या चार पायऱ्या

युरोपीय परिदंत महासंघाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिल्या तीन टप्प्यांतील रुग्णांसाठी उपचाराच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवर रुग्णाला दात घासण्याची आणि दातांच्या फटी स्वच्छ करण्याची रीत प्रत्यक्ष दाखवणे, हिरडीवरील कीटण काढणे, तंबाखू व साखर यांवर काम करणे. दुसऱ्या पायरीवर हिरडीखालील मुळांची सफाई. त्यानंतर पुन्हा मोजमाप करून ज्या कप्प्यांत सुधारणा झाली नाही, त्यांच्यासाठी तिसऱ्या पायरीवर पुन्हा सफाई वा शस्त्रक्रिया. चौथी पायरी निगराणीची. रुग्णाच्या जोखमीनुसार दर तीन ते बारा महिन्यांनी तपासणी, आणि ती आयुष्यभर. प्रतिजैविकांचा सरसकट वापर या तत्त्वांना मान्य नाही. हिरडी सुजली की औषधाच्या दुकानातून गोळ्या आणि गुळण्यांचे औषध आणून वेळ मारून नेण्याची आपल्याकडील सवय या पार्श्वभूमीवर तपासण्यासारखी आहे. गोळीने सूज उतरते, कीटण तेथेच राहते.

दंतवैद्याला आणखी एका समजुतीशी सामना करावा लागतो. दात साफ केल्याने ते हलू लागतात, असे अनेक घरांत मानले जाते. प्रत्यक्षात कीटणाच्या थराने झिजलेल्या हाडावरचे दात एकमेकांना चिकटून धरलेले असतात. थर निघाला, सूज उतरली की मूळचे नुकसान उघडे पडते. हे सफाईनंतर सांगितले तर ते सबब वाटते. सफाईपूर्वी आरसा आणि क्ष-किरण चित्र दाखवून सांगितले तर रुग्णाला पटते. दोन मिनिटांच्या या संभाषणावर रुग्ण पुढच्या भेटीला येणार की नाही, हे बरेचदा ठरते.

पुन्हा बोलावण्याचे गणित

चौथी पायरी हीच बहुतेक दवाखान्यांत निसटते. दात भरला, मुकुट बसवला की काम संपल्यासारखे वाटते. हिरड्यांच्या रुग्णाचे काम मात्र संपत नाही. समजा, एखाद्या दवाखान्यात हिरड्यांचे उपचार पूर्ण झालेले ३०० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून दोनदा बोलवायचे आहे. वर्षाला ६०० भेटी झाल्या. कामाचे दिवस ३०० धरले, तर दिवसाला दोन भेटी. एवढी जागा दैनंदिनीत राखून ठेवणे अशक्य नाही. वही असो वा संगणक, पुढील तारीख रुग्ण खुर्चीतून उठण्यापूर्वी लिहिली गेली पाहिजे आणि तारखेच्या आठवडाभर आधी फोन वा संदेश गेला पाहिजे. राखीव भेटींमुळे दवाखान्याला स्थिर उत्पन्नही मिळते.

पैशाचा प्रश्न टाळता येत नाही. देशातील बहुतेक आरोग्यविमा योजनांत बाह्यरुग्ण दंतोपचारांचा समावेश नसतो. खर्च रुग्णाच्या खिशातून होतो. ब्रश कसा करावा हे शिकवण्यात घालवलेल्या वीस मिनिटांचे शुल्क मागणे दंतवैद्याला संकोचाचे वाटते आणि देणे रुग्णाला अनावश्यक वाटते. परिणामी, ज्या कामाने दात वाचतो त्याला किंमत राहत नाही आणि दात गेल्यावर करावयाच्या कामाला मोठी किंमत येते. कृत्रिम दंतरोपणाचे आकर्षण त्यातून वाढते. परंतु रोपणाभोवतीच्या उतींनाही दाह होतो, हाड झिजते आणि ज्यांना पूर्वी पेरिओडॉन्टायटिस झाला आहे त्यांना हा धोका अधिक असतो. रोपणाभोवतीच्या या आजारांचा समावेश २०१८ च्या वर्गीकरणात प्रथमच झाला. हिरड्या न सुधारता रोपण बसवणे म्हणजे भिंतीतील ओल तशीच ठेवून वर रंग देण्यासारखे आहे. सफाई, सल्ला, पुनर्तपासणी यांचे शुल्क वेगवेगळे आणि आगाऊ लिहून देणे, हा त्यावरील सरळ उपाय आहे.

लेखी नोंदींना कायद्याचाही आधार आहे. मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. रुग्णाची संमती ही माहितीवर आधारलेली असली पाहिजे आणि एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, हे न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे हिरड्यांची शस्त्रक्रिया करण्यापूर्वी पर्याय, धोके आणि खर्च रुग्णाच्या भाषेत सांगून लिहून घेणे आवश्यक ठरते. दिल्लीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा; तेथील रुग्ण हिंदी, पंजाबी, बंगाली, मराठी, मल्याळम अशा अनेक भाषा बोलणारे असतात. इंग्रजी छापील अर्जावरची सही म्हणजे समजून दिलेली संमती नव्हे.

दवाखान्यातील कचऱ्यालाही २०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम लागू आहेत. रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत, वापरलेले हातमोजे लाल पिशवीत, सुया व पाती भोक न पडणाऱ्या पांढऱ्या पारदर्शक डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या डब्यात टाकावी लागते. हिरड्यांच्या उपचारात रक्ताशी संबंध अटळ असल्याने हे नियम आणि उपकरणांचे निर्जंतुकीकरण हा व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गाचा अनिवार्य भाग असला पाहिजे.

श्रेयांक आणि प्रत्यक्ष शिकणे

दंतवैद्य कायदा १९४८ चा. त्यानुसार भारतीय दंत परिषद १९४९ मध्ये अस्तित्वात आली. तिच्या निरंतर शिक्षणविषयक नियमांनी पाच वर्षांच्या कालावधीत मिळवावयाच्या श्रेयांकांची पद्धत घालून दिली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत नोंदणीच्या नूतनीकरणाशी हे श्रेयांक जोडलेले आहेत. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. परिषदेची जागा आयोगाने घ्यावी आणि शिक्षण, मूल्यांकन व नीतिमत्ता-नोंदणी यांसाठी तीन स्वायत्त मंडळे असावीत, अशी त्यात तरतूद आहे.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात शिकण्याच्या संधींची वाण नाही. मौलाना आझाद संस्था १९८३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयाची शाखा म्हणून सुरू झाली आणि २००३ मध्ये स्वतंत्र झाली. एम्समधील दंतशिक्षण व संशोधन केंद्र मौखिक आरोग्यसंवर्धनासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सहयोगी केंद्र आहे. जामिया मिलिया इस्लामियाची दंतविद्याशाखा, रोहतकची शासकीय संस्था, तसेच गाझियाबाद, फरिदाबाद आणि गुरुग्राममधील खासगी महाविद्यालये याच परिसरात आहेत. मात्र या क्षेत्राची हद्द दिल्लीसह हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान अशी पसरलेली असून प्रत्येक राज्याची दंतवैद्यांची नोंदवही वेगळी आहे. राहायला दिल्लीत आणि दवाखाना नोएडात असलेल्या दंतवैद्याने शिबिराला जाण्यापूर्वी त्याचे श्रेयांक आपल्या परिषदेला मान्य आहेत का, याची खात्री करून घेणे हिताचे असते.

श्रेयांक उपस्थिती मोजतात. शिकणे मोजत नाहीत. वैद्यकीय व्यावसायिकांसाठीच्या शैक्षणिक सभांविषयीच्या २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात, अशा सभांमुळे अपेक्षित पद्धतीने काम करण्याच्या प्रमाणात सुमारे सात टक्के गुणांची सुधारणा होते, असे दिसले. लाभ आहे, पण मर्यादित. सभागृहात ऐकलेले खुर्चीपाशी उतरले की नाही, हे दंतवैद्याला स्वतःच तपासता येते. तिशी ओलांडलेल्या शेवटच्या वीस रुग्णांचे कागद काढावेत. किती जणांच्या हिरड्यांची खोली लिहिलेली आहे, किती जणांना तंबाखू व साखर विचारली आहे, किती जणांची पुढची तारीख नोंदलेली आहे, हे मोजावे. सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. आकडा वाढला असेल तर शिबिर कामी आले. नसेल तर प्रमाणपत्र भिंतीवरच राहिले.

रुग्णाच्या हाती काय?

दंतवैद्याच्या निरंतर शिक्षणाचा खरा परीक्षक त्याचा रुग्ण आहे. पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर चार साधे प्रश्न विचारता येतात. माझ्या हिरड्यांची खोली मोजली का? सर्वांत जास्त किती भरली? आजार असेल तर कोणत्या टप्प्यात आहे? मी पुन्हा केव्हा यायचे? मधुमेहींनी आपला ताजा अहवाल बरोबर न्यावा. तंबाखू वा मिश्रीची सवय न लपवता सांगावी. ब्रश करताना रक्त येत असेल, तर त्या जागी घासणे थांबवण्याची चूक करू नये. लोए यांच्या प्रयोगातील हिरड्या घासणे पुन्हा सुरू केल्यावरच बऱ्या झाल्या होत्या.

या प्रश्नांची उत्तरे ज्या दवाखान्यात लेखी मिळतात, तेथील दंतवैद्य पदवीनंतरही शिकत राहिला आहे, असे समजायला हरकत नाही.